पंचेचाळीसच्या पुढे

माझ्या आत्याचा आवाज अख्ख्या शहराच्या ओळखीचा होता, चेहरा मात्र आमच्या दूधवाल्यालाही धड आठवत नसे. हवामान खात्याचा नंबर फिरवला की ती बोलायची. "नमस्कार. आजचं कमाल तापमान..." मग बारीकसं खट्, मग आकडा, पुन्हा खट्, मग "अंश सेल्सियस." ते खट् म्हणजे यंत्र तिच्या आवाजाचे तुकडे जोडत असे. खरी आत्या त्या वेळी आमच्या घरी खुर्चीवर पाय वर घेऊन शेंगदाणे सोलत बसलेली असायची.

लोक तिला आकडेबाई म्हणत. बाबांची ती ताई. आई मी लहान असतानाच गेली, तेव्हा आत्या आपली एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आली आणि मला वाढवायला राहिली ती राहिलीच. बाबा रस्त्यांवर डांबर टाकायच्या कामाला होते. उन्हाळ्यात दुपारी त्यांचं काम चालू ठेवायचं की थांबवायचं, हे पुढे पुढे ताईच्या त्या टेलिफोनवरच्या आवाजावर ठरायला लागलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. आणि हे मी शांतपणे सांगेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

यंत्र येण्याआधी आत्या स्वतःच खात्यात टेलिफोनवर बसायची. लोक काहीही विचारत. "बाई, गाद्या उन्हात टाकू का?" "मुलाचं लग्न मैदानात ठेवलंय, मांडवावर ताडपत्री टाकावी लागेल का?" आत्या सगळ्यांना उत्तर द्यायची. खात्याने सांगितलेलं तर द्यायचीच, वर पदरचंही घालायची. "गाद्या टाका, पण चारच्या आत उचला हं." वरिष्ठ तिला समज द्यायचे आणि घरी गेल्यावर त्यांची बायको आत्यालाच फोन करून पापडांचं विचारायची.

तिची एक खोड होती. वाईट ते तोंडाने बोलायचं नाही. घरातून निघताना "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं, हे आपण सगळेच पाळतो, पण आत्याचं त्यापुढचं होतं. डबा खडखडीत रिकामा असला तरी "साखर संपली" म्हणायची नाही, "साखर आणायला झालीय" म्हणायची. बाबांना ताप आला तर "अंग जरा कोमट आहे." बाबा तिला चिडवायचे, "ताई, मी मेलो तर काय म्हणशील? धाकटा जरा गार पडलाय?" मग ती खरोखर रागावायची आणि जेवायला वाढताना त्यांच्या ताटात मुद्दाम भाजी कमी टाकायची.

मग ते यंत्र आलं. परक्या भाषेसाठी तयार केलेलं होतं. खात्यातला तंत्रज्ञ तेव्हा नुकताच लागलेला, दाट केसांचा, उत्साही. त्याने आत्याला सांगितलं, एक ते एकोणीस म्हणा, मग वीस, तीस, चाळीस म्हणा, बाकीचं यंत्र आपोआप जोडेल. आत्या हसून हसून बेजार झाली. "म्हणजे चाळीस-दोन? अहो, आपल्याकडे त्याला बेचाळीस म्हणतात. यात चाळीस कुठे संपतं ते दाखवा बरं." त्याने डोकं खाजवलं. आपल्या भाषेत शंभरापर्यंत प्रत्येक आकड्याचा चेहरा वेगळा, एकाचं नाक दुसऱ्याला लावता येत नाही. एकोणचाळीसमध्ये तर चाळीस आधीच येऊन बसतं. शेवटी असं ठरलं की प्रत्येक आकडा तिने वेगळा म्हणायचा.

ती शून्यापासून म्हणत गेली. छान, स्वच्छ, जरा लाडिक आवाजात. पंचेचाळीसला पोचली आणि तिने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"अजून आहेत," तंत्रज्ञ म्हणाला. "साठपर्यंत घेऊन टाकू. पाच मिनिटांचं काम."

"अभद्र बोलायला लावू नका मला," आत्या म्हणाली. "पंचेचाळीसच्या पुढे माणसं राहत नाहीत, भट्ट्या असतात."

सगळे हसले. त्यात कुणाचं काही चुकलं असं तेव्हा कुणाला वाटणार? शहराचा पारा तोवर कधी त्रेचाळीसच्या वर गेलेला नव्हता. वरिष्ठही म्हणाले, पुरे की, चहा मागवा. हा किस्सा आत्या आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, आणि "भट्ट्या" म्हणताना दर वेळी हात वर करायची.

ती निवृत्त झाली, यंत्र बोलत राहिलं. उन्हाळे मात्र पहिल्यासारखे राहिले नाहीत. तिच्या खात्यातली एक शास्त्रज्ञबाई आमच्याकडे यायची, आत्याच्या हातचा चहा तिला आवडायचा. मी शाळेत वाचलं होतं तेच ती सांगायची. कोळसा, पेट्रोल, गॅस जाळून जो वायू हवेत जातो तो तिथेच साचतो. उन्हाची ऊब आत येते, परत बाहेर जाताना अडकते. झोपलेल्या माणसाच्या अंगावर कुणीतरी रोज एक रजई टाकत जावं तसं.

"मग काढा की एकेक," आत्या म्हणाली.

"काढता येत नाही हो, आत्या. आज सगळी धुराडी बंद केली तरी टाकलेल्या रजया कितीतरी पिढ्या अंगावर राहणार. नवीन टाकायच्या थांबवता येतील, इतकंच."

"मग थांबवा."

"त्यासाठीच तर देशोदेशींच्या बैठका चालल्यात."

"कधीपासून?"

"माझ्या जन्माच्या आधीपासून."

आत्याने कपात साखर घालून बराच वेळ ढवळली. शास्त्रज्ञबाईने आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यात रुतून बसली आहे. तापमान सरासरीपेक्षा किती जास्त हे खातं सांगतं, पण ती सरासरीच दर काही वर्षांनी नव्याने काढतात. जुने गार उन्हाळे मागे गळून पडतात, नवे तापलेले आत येतात. मग काल ज्याला भयंकर म्हणत होतो तेच आज नेहमीचं ठरतं. "म्हणजे उकाड्याला बढती," बाबा म्हणाले, आणि आम्ही हसलो. आम्ही फार हसायचो त्या घरात.

पुढे गोदीवरचे हमाल, छपरांवर काम करणारे, असे लोक उन्हाने पडायला लागले तेव्हा सरकारने समिती नेमली. किती तापमान झालं की दुपारचं उघड्यावरचं काम बंद करायचं, हे ठरवायला. शास्त्रज्ञबाई त्या समितीत होती. डॉक्टर म्हणाले बेचाळीस, आणि हवेत दमटपणा असेल तर त्याच्याही खाली. ठेकेदार म्हणाले अठ्ठेचाळीस, नाहीतर रस्ते, पूल, इमारती काही पुरे व्हायचे नाहीत. दिवसभर घासाघीस झाली आणि अध्यक्षांनी सेहेचाळीसवर सौदा पक्का केला. सेहेचाळीसच का, हे कुणालाच सांगता आलं नाही. मोबाइलवर प्रत्येकाचा आकडा वेगळा दिसतो, म्हणून खात्याच्या टेलिफोनवर दुपारी बारानंतर सांगितलेलाच आकडा खरा धरायचा, असंही ठरलं.

बाबांना याचा केवढा अभिमान! "आता सरकारसुद्धा आमच्या ताईच्या शब्दाबाहेर नाही."

समिती बसायची एका मजल्यावर, यंत्र होतं दुसऱ्या मजल्यावर. समितीने जो आकडा नियमात घातला, नेमका तोच आकडा त्या यंत्राच्या तोंडी नव्हता. हे दोन मजल्यांमधल्या जिन्यात कुणाच्याही लक्षात आलं नाही.

पारा पहिल्यांदा सेहेचाळीसला गेला तेव्हा यंत्र म्हणालं, "आजचं कमाल तापमान," खट्, खट्, "अंश सेल्सियस." मध्ये काहीच नाही. शहरभर चेष्टा झाली, आकडेबाई लाजल्या म्हणे. बाबांनी घरी येऊन आत्याची नक्कल केली, हात वर करून, "भट्ट्या!" त्या दिवशी बाबांच्या मुकादमाला काय करावं ते कळेना, त्याने भीतीपोटी काम बंद ठेवलं. खात्याकडे तक्रारींचा पाऊस पडला. तेव्हा तंत्रज्ञाने तात्पुरती सोय केली. जो आकडा यंत्रापाशी नाही, त्याच्या जागी असलेल्यातला सर्वांत जवळचा बोलायचा. आणि लगेच आत्याला फोन केला की बाई, येऊन पुढचे आकडे म्हणून जा.

"येते हो," आत्या म्हणाली. "ऊन जरा उतरू दे. घसाही बसलाय. आणि हे काही रोजचं आहे का?"

त्याने पुन्हा फोन केला, तेव्हाही ती "येते" म्हणाली. मग हवा गार झाली, आणि तोही विसरला, तीही विसरली. विसरली असं ती म्हणायची. मला विचाराल तर तिला तो शब्द तोंडातून काढायचाच नव्हता. आपण बोललो नाही तर होणार नाही, असं तिला मनातून वाटायचं. ही खोड तिच्या एकटीची होती असं मात्र मी म्हणणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बस डेपोच्या मागच्या रस्त्याचं काम निघालं. त्या दिवशी सकाळपासूनच हवा चिकट होती, रात्रीही गारवा असा आलाच नव्हता. बाबा डोक्याला ओला रुमाल बांधून गेले. "येतो गं," म्हणाले. पुढचं मला मुकादमाने सांगितलं, रडत रडत सांगितलं, आणि तो वाईट माणूस नाही हे मला मान्य करावंच लागतं. बारा वाजून गेल्यावर त्याने सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला. नमस्कार. आजचं कमाल तापमान, पंचेचाळीस, अंश सेल्सियस.

एकजण म्हणाला, "काहीतरी चुकतंय, अंग भाजून निघतंय." त्यावर बाबा म्हणाले, "ताई म्हणते पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस. अजून एक बाकी आहे. चला, उचला."

पारा सत्तेचाळीसला होता.

डांबर टाकतात तेव्हा ते उकळत्या पाण्यापेक्षाही तापलेलं असतं. वरून ऊन, खालून डांबर, आणि मधे माणूस. डॉक्टरांनी नंतर मला समजावलं की घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो, तेव्हा अंग थंड होतं. हवाच ओली असली की घाम वाळत नाही, मग अंग आतून शिजत जातं. बाबांचा घाम थांबला. ते बरळायला लागले, रोडरोलरवर खेकसले की माझ्या वाटेत उभा राहू नकोस. मग त्याच रोडरोलरच्या सावलीत बसले आणि तिथेच आडवे झाले. इस्पितळात त्यांना बर्फात ठेवलं होतं. संध्याकाळ व्हायच्या आत ते गेले.

आत्या इस्पितळात आली तेव्हा तिने आधी बाबांकडे पाहिलं नाही. मुकादमाकडे पाहून विचारलं, "मी काय म्हणाले?"

"पंचेचाळीस, ताई."

ती बाकावर बसली. शास्त्रज्ञबाई तिच्या शेजारी येऊन बसली, तिला जवळ घ्यायला गेली, तर आत्याने तिचा हात बाजूला केला. मी आत्यावर ओरडले. सगळ्या इस्पितळाला ऐकू जाईल इतकं ओरडले. "एक शब्द होता, आत्या! एक शब्द बोलायचा होता तुला! साखर नाही ती, आणायला झालीय म्हणायला!" मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. त्याच रात्री मी तिच्या कुशीत झोपले, कारण दुसरी कूस मला नव्हती.

चौकशी झाली. यंत्राने जे त्याच्यापाशी होतं ते सांगितलं. मुकादमाने नियमाप्रमाणे अधिकृत आकडा ऐकला. तंत्रज्ञाने सोय तात्पुरती असल्याचं वरिष्ठांना कळवलं होतं. समितीने मर्यादा विचारपूर्वक ठरवली होती. सगळे आपापल्या जागी बरोबर निघाले. दोष उन्हाचा ठरला, आणि उन्हाला कुणी नोटीस काढत नाही.

बाबांचे दिवस झाल्यावर आत्याने स्वतःच तंत्रज्ञाला फोन केला. मी तिच्याबरोबर गेले. छोटी खोली, भिंतींना स्पंज लावलेला, मधे एक माइक. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. तंत्रज्ञाला आता टक्कल पडलं होतं. तो आत्याच्या नजरेला नजर देत नव्हता, नुसता वायरी सारख्या करत होता, मग काचेपलीकडे जाऊन बसला.

आत्याने हेडफोन चढवले. "सेहे..." म्हणाली आणि आवाज फाटला. पाणी प्यायली. पुन्हा म्हणाली. तिसऱ्या खेपेला जमलं. "सेहेचाळीस." मग "सत्तेचाळीस." तो आकडा तिने डोळे मिटून म्हटला, अगदी हळू, झोपलेल्या माणसाला उठवताना हाक मारावी तसा. काचेपलीकडे तंत्रज्ञाने मान खाली घातली.

"पन्नासपर्यंत पुरे, बाई," तो म्हणाला.

"साठपर्यंत म्हणाला होतात तेव्हा," आत्या म्हणाली. "आता घ्या."

एक्कावन्न. बावन्न. त्रेपन्न. ती म्हणत गेली. घाम तिच्या हनुवटीवरून गळत होता. साठ झालं तरी ती थांबली नाही. एकसष्ट, बासष्ट. तंत्रज्ञाने तिला थांबवलं नाही आणि मीही नाही. सत्तरला पोचल्यावर तिचा श्वास संपला तेव्हा ती थांबली. "पुढच्यांचं माझ्यावाचून अडायला नको," म्हणाली. हेडफोन काढले, पर्स उचलली, आणि दारातून बाहेर पडताना तंत्रज्ञाला म्हणाली, "जाते." जन्मात पहिल्यांदा मी तिच्या तोंडून तो शब्द ऐकला.

त्यानंतर ती घरातून फारशी हलत नाही. टेलिफोनला हात लावत नाही. दिवसभर खुर्चीवर बसून असते, शेंगदाणे पुढे ठेवले तर सोलते आणि सोललेले तसेच ठेवून देते. माझ्याशी बोलते ते कामापुरतं. कधी कधी मात्र मी कामावरून आले की विचारते, "आज काय म्हणाले मी?" मी सांगते, एकेचाळीस, त्रेचाळीस. ती मान डोलावते.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. यंदा उन्हाळ्यात आमच्या दुकानासमोरचा रस्ता उखडला आणि डांबराचा वास काचेच्या दारातूनही आत यायला लागला. परवा गिऱ्हाईकाच्या डोळ्यांवर चष्मा बसवताना माझं सगळं लक्ष बाहेर होतं. बारा वाजून गेल्यावर मी न राहवून तो नंबर फिरवला. "नमस्कार. आजचं कमाल तापमान," खट्, "सत्तेचाळीस," खट्, "अंश सेल्सियस." सुरुवात आणि शेवट त्या जुन्या लाडिक आवाजात, आणि मधला आकडा म्हाताऱ्या, फाटलेल्या आवाजात. जणू दोन बायका एकमेकींचं वाक्य तोडत होत्या. माझे डोळे भरून आले, पण खरं सांगते, मला आनंद झाला. यंत्र खरं बोललं होतं. आता काम थांबणार होतं.

मी दाराशी गेले. काम चालूच होतं. फावडी चालली होती, रोडरोलर पुढे-मागे होत होता, डांबरावरची हवा थरथरत होती. मी तशीच चपला न बदलता रस्त्यावर धावले. मुकादम तोच होता, बाबांचा.

"ऐकलं नाहीत का? सत्तेचाळीस आहे! आत्या म्हणतेय सत्तेचाळीस!"

"ऐकलं गं, पोरी," तो म्हणाला. त्याने टोपी काढली आणि हातात धरून ठेवली. "मर्यादा वाढवली यंदापासून. अठ्ठेचाळीस झाली. सेहेचाळीस आता वरचेवर होतं, म्हणे. सरासरीतच धरलंय. रोज काम बंद ठेवलं तर रस्ते कधी व्हायचे?"

त्याच्या मागे डोक्याला ओला रुमाल बांधलेला एक माणूस फावडं टेकून माझ्याकडे बघत होता. मी काही बोलले तर आपल्याला पाच मिनिटं उभं राहायला मिळेल, अशा आशेने बघत होता. मुकादमाने टोपी घातली आणि तो माणूस वाकला.

संध्याकाळी घरी आले. चपलांना लागलेलं डांबर दाराबाहेर घासलं, निघालं नाही, म्हणून चपला बाहेरच ठेवल्या. आत्या खुर्चीवर होती.

"आज काय म्हणाले मी?"

"सत्तेचाळीस."

तिचे हात थांबले. माझ्याकडे तिने इतक्या दिवसांत असं सरळ बघितलं नव्हतं.

"मग? थांबवलं ना काम?"

"हो, आत्या," मी म्हटलं. "थांबवलं."

तिने समोरच्या ताटलीतला एक शेंगदाणा उचलला आणि तोंडात टाकला.

"बरं झालं बाई," ती म्हणाली, "बोलले ते."